दुपारची हाक

"आणि ती काय मागत होती?"

अच्युतबुवांनी हे इतक्या सहज विचारलं की दामोदर सारंग बोलता बोलता थांबला. तो सांगत होता व्रताविषयी. बायकोच्या शेवटच्या आजारातही आपलं व्रत कसं टिकलं, याविषयी. ती काय मागत होती हा त्यात ओघाने आलेला तपशील होता. तो कुणी उचलून धरेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

बुवा ओसरीवर बसून चवळीच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काही विशेष नाही," दामोदर म्हणाला. "आजारी माणूस. त्याला काहीही आठवतं."

"काय आठवलं?"

"... सुका बांगडा. भाजून. पेजेबरोबर."

बुवांनी एक शेंग उकलली. आत अळी होती. ती शेंग त्यांनी अळीसकट पायरीखालच्या गवतात ठेवली आणि दुसरी घेतली.

मठ म्हणजे खाडीवरच्या टेकाडावरचं एक कौलारू घर. घंटा नाही, कळस नाही. एक रीत मात्र होती, बुवांच्या आधीच्या बुवांपासून चालत आलेली. दुपारी भात उतरला की मठातल्या माणसाने पायरीवर उभं राहायचं, रस्त्याकडे तोंड करायचं आणि मोकळ्या आवाजात तीन वेळा विचारायचं, "उपाशी कोण आसा काय?" कुणी आलं तर आधी त्याचं पान मांडायचं. कोण, कुठला, काय खातोस, असलं काही विचारायचं नाही. कुणी आलं नाही तर मगच आपला घास. बुवा तरुणपणी घाटावरून इथे आले. इथली बोली त्यांच्या जिभेवर कधी बसली नाही, पण हाक ते इथल्याच बोलीत देत.

आता तो आवाज गेला होता. हाक अंगणातल्या फणसापर्यंतही पोचत नव्हती. बुवा ज्याला हाक द्यायला सांगतील त्याच्याकडे पुढे मठ जाणार, हे खाडीकाठच्या सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

दामोदर त्यासाठीच आला होता. सुमित्राचं दिवसकार्य उरकलं होतं, घर आवरून झालं होतं. मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही. उरलेलं आयुष्य मठाला द्यावं, असं त्याने ठरवलं होतं. निदान स्वतःला तो तसं सांगत होता. खरं तर त्याला बुवांच्या तोंडून एकच वाक्य हवं होतं. तू चुकला नाहीस, एवढंच. ते मिळालं असतं तर रात्री डोळा लागला असता.

"माळ तुम्हीच घातलीत, बुवा," तो म्हणाला. "तेव्हा काय काय सोसलं ते तुम्हाला ठाऊक आहे."

बुवांना ठाऊक होतं. सारंगांच्या पिढ्यान् पिढ्या मासळीवर जगल्या. त्या घरातल्या पोराने मासळी सोडली, ट्रॉलरमधला आपला वाटा विकला आणि बाजारात नळ-पाइपांचं दुकान टाकलं, तेव्हा वाडीने त्याला नाव ठेवलं, सारंगांचो भट. लग्नाच्या पंगतीत साऱ्यांच्या पानात सुरमई पडायची आणि कोपऱ्यातून वाढप्याला कुणीतरी हमखास सांगायचं, भटाक बटाटो वाढ रे. पोरंटोरं फिदीफिदी हसायची. आईने तर, दर्याक तोंड कसा दाखवतलंस, असं विचारलं आणि पुढे मरेपर्यंत त्याच्या ताटात स्वतःच्या हाताने काही वाढलं नाही.

दामोदर कुणाला उलटून बोलला नाही. तळलेल्या मासळीच्या वासात मांडी घालून बसायचा, बटाटा-भात खायचा आणि त्यांच्याबरोबर हसायचा. शेजारच्याच्या पानातला काटा घशात अडकला तर पाठीत थाप मारायला पहिला तोच उठायचा. तो दामोदर बुवांना आवडायचा.

मग वारं फिरलं.

कधी फिरलं ते कुणाला नेमकं सांगता यायचं नाही. मुंबईला गेलेली मुलं सुट्टीत आली ती पनीर मागत आली. कुणाला डॉक्टरने सांगितलं, कुणाला टीव्हीवरच्या महाराजांनी, कुणाला मोबाइलवरच्या व्हिडिओने. साखरपुड्यांतून सुरमई गेली. खाणावळींवर शुद्ध शाकाहारीच्या पाट्या चढल्या. मुलगी बघायला आलेले पाहुणे चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारू लागले, तुमच्यात खातात का? आणि ज्यांच्यात रोज खात तेही म्हणू लागले, तसं फारसं नाही.

दामोदर राहायचा त्या नव्या आळीत तर काही न ठरवताच ठरून गेलं. मासळीवाली पारू आळीच्या तोंडाशी यायची आणि डोक्यावरची टोपली न उतरवता मागे फिरायची. एखाद्या घरी चोरून कढई चढलीच तर खिडक्या लावून. तरी वास बाहेर पडायचाच. मग समोरचे रेडकर गॅलरीत येऊन, आख्ख्या आळीला ऐकू जाईल असं विचारायचे, कोणाकडे काय मेलाहा रे? आळी हसायची.

दामोदरही हसायचा.

कालचा भट आता आळीचा दामोदरअण्णा झाला होता. कुठल्याही कार्यक्रमात नारळ फोडायला त्यालाच पुढे करत.

"लोकांना उशिरा कळलं, पण कळलं," तो बुवांना म्हणाला. "खरं ते शेवटी टिकतंच."

"पूर्वी माळ घ्यायला माणूस यायचा तो रडत यायचा," बुवा म्हणाले. "आईच्या हातचं तुटणार म्हणून. आता येतो तो फोटो काढायला एकाला बरोबर घेऊन येतो."

दामोदर हसला. बुवा हसले नाहीत.

"सुमित्राने माळ घेतली होती?"

"नाही. पण घरात शिजवणं तिने आपणहून सोडलं. मी कधी सक्ती केली नाही."

खरंच केली नव्हती. त्याने फक्त नवी भांडी आणली. जुना तवा आणि कालवणाची मातीची भांडी माळ्यावर ठेवली. ती वर्षातून एकदोनदा माहेरी जायची तेव्हा पोटभर खाऊन यायची. येताना हात लिंबाने चोळून यायची. पुढे तिचा भाऊ गेला, माहेरची ती चूलही बंद झाली. मग एकच थट्टा उरली. दोघं रिक्षाने बंदरावरून जात असली की ती रिक्षावाल्याला म्हणायची, वायच थांब रे, वास तरी घेतंय. रिक्षावाला हसायचा. दामोदरही हसायचा, आणि रिक्षा पुढे घ्यायला सांगायचा.

"मग आजार," बुवा म्हणाले.

मग आजार. पोटाचा. शेवटी शेवटी अन्न खाली उतरेना. डॉक्टरने दामोदरला बाजूला घेतलं आणि सांगितलं की आता पथ्य काही नाही, त्यांच्या मनाला येईल ते द्या. दामोदरने काही कमी केलं नाही. मुगाचं कढण, शहाळं, डाळिंबाचा रस, डब्यातली महागडी पावडर. तिने बांगड्याचं नाव काढलं तेव्हा भाच्याने मुंबईहून बर्फात घालून एक पाकीट आणलं. वाटाण्यापासून केलेली मासळी. रंग तोच, आकार तोच, वासही बराचसा तोच. यात जीव नाही मामा, आणि चव मात्र तीच, असं तो भाचा कौतुकाने सांगत होता. दामोदरने ती स्वतः तव्यावर परतली आणि स्वतः भरवली.

"खाल्ली?"

"एक घास जिभेवर धरला. मग काढून माझ्या हातावर ठेवला."

"काही म्हणाली?"

"म्हणाली... हेका काटो नाय."

आत भागीआक्का चुलीवरचा भात ढवळत होती. मठात रांधणारी ती म्हातारी कानाने तिखट होती. तिच्या पळीचा आवाज थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

दामोदरने पुढचं भरभर सांगून टाकलं. पारूच्या कानावर कुठून तरी गेलं असावं. आळीत कधी न शिरणारी ती बाई एका दुपारी मागच्या परसातून आली. टोपली नव्हती. पदराखाली कागदात गुंडाळलेला एक सुका बांगडा होता. वैनींक देवा, म्हणाली, माझा नाव सांगा. दामोदर तिच्याशी वाईट बोलला नाही. घरात हे चालत नाही, एवढंच नम्रपणे सांगितलं. तिने कागद पायरीवर ठेवला आणि गेली. दामोदरने तो चिमट्याने उचलला आणि खाडीत नेऊन टाकला.

"बुडाला?" बुवांनी विचारलं.

"काय?"

"बांगडा."

दामोदरला हा प्रश्न विचित्र वाटला. पण त्याला आठवलं. सुका मासा, तो काय बुडतो! बराच वेळ काठाशीच तरंगत होता. त्याने दोन धोंडे मारून पाहिले होते.

"... नाही."

"तो मेला कधी होता?"

"म्हणजे?"

"सुकवलेला होता ना. पावसाच्या आधीचा असेल."

"असेल."

"मग त्या दिवशी तू कुणाचा जीव वाचवलास?"

याचं उत्तर दामोदरकडे तयार होतं. अशा प्रश्नांची उत्तरं त्याने वाडीला वर्षानुवर्षं दिली होती. प्रश्न एका बांगड्याचा नाही, नेमाचा आहे, असं तो म्हणाला. आज आजारी माणसासाठी, उद्या पाहुण्यासाठी, परवा सणासाठी, असं करत नेम जातो.

"नेम तुझा होता."

"घर एकच होतं, बुवा."

"बरं. भाजला असतास तर काय झालं असतं?"

हा साधा प्रश्न दामोदरला कुणी विचारला नव्हता. त्यानेही स्वतःला विचारला नव्हता.

"वास गेला असता," तो म्हणाला.

"कुठे?"

दामोदरने उपरणं सारखं केलं.

"कुठे गेला असता?"

"आळीत."

शब्द तोंडातून गेल्यावर त्याचे त्याला ऐकू आले. सुका बांगडा निखाऱ्यावर पडला की त्याचा वास भिंतीला जुमानत नाही. खिडक्या लावा, दारं लावा, तो जातोच. रेडकर गॅलरीत आले असते. त्यांनी विचारलं असतं. आळी हसली असती, आणि या खेपेला बोट दामोदरअण्णाच्या घराकडे गेलं असतं.

बुवांच्या मांडीवरच्या सुपात टरफलं साठली होती. त्यांनी ती एका बाजूला सारली.

"सगळी वाडी हसत होती तेव्हा तू भ्याला नव्हतास."

"नाही."

"मग एका रेडकराला भ्यालास?"

आपण कशाला आलो आणि हे काय चाललंय, असं दामोदरला झालं. ज्या माणसाने गळ्यात माळ घातली तोच आता ओढून बघत होता.

"तुम्ही माझी परीक्षा घेताय," तो म्हणाला. "घ्या. पण एक सांगतो. तुमची रीत मी माझ्या घरी पाळतो. दुपारी हाक दिल्याशिवाय घास घेत नाही. आळीत यायचं कुणी नसतं, तरी देतो. त्या दिवशीही दिली. पारू गेली, खाडीवरून आलो, हात धुतले, पायरीवर उभा राहिलो. बायको आत शेवटच्या घटका मोजत होती, बुवा, आणि मी हाक चुकवली नाही. तिन्ही वेळा दिली. असा दुसरा शिष्य तुमच्याकडे असेल तर त्याला द्या मठ."

त्याचा आवाज चढला होता. चांगला, भरदार आवाज होता तो. फणसावरचा कावळा उडाला.

बुवांचे हात थांबले होते.

"उत्तर आलं?"

"रस्त्यावर कुणी नव्हतं."

"मी रस्त्याचं विचारलं नाही."

खाली खाडीला ओहोटी लागली होती. एक होडी चिखलात कलती झाली होती. दामोदर तिच्याकडे बघत राहिला. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. दिवसकार्याला आलेल्या बहिणींना नाही, भाच्याला नाही. रात्री अंथरुणावर पडलं की तेवढंच ऐकू यायचं, पण ते घरातल्या घरात राहील असं त्याला वाटत होतं.

"तिसऱ्या हाकेला," तो म्हणाला.

बुवांनी सूप मांडीवरून खाली उतरवलं.

"तिसऱ्या हाकेला आतून आलं. आवाज नव्हताच तिला. पण आलं."

"काय?"

"मी आसंय."

होडीवरची नजर न काढता दामोदर म्हणाला, "मला वाटलं थट्टा करतेय. तिला सवय होती थट्टेची."

"मग?"

"रस्त्यावर कुणी नव्हतं." त्याने ओठांवरून हात फिरवला. "मी आत गेलो. जेवलो."

"आणि ती?"

"भिंतीकडे तोंड करून पडली होती."

त्यानंतर तिने काही मागितलं नाही. मागावं इतके दिवसही उरले नव्हते. ती गेली तेव्हा आळी लोटली होती. रेडकरांनी खांदा दिला. परतताना कुणीतरी म्हणालंही, की अण्णांनी शेवटपर्यंत घर पवित्र ठेवलं. दामोदरने तेव्हा मान हलवली होती.

हे त्याने बुवांना सांगितलं नाही. सांगायची गरज उरली नव्हती.

"मी चुकलो का, बुवा?"

वाक्य उलटं होऊन बाहेर पडलं होतं. मागायला आला होता एक, विचारलं गेलं दुसरं.

बुवांनी हात पुढे केला, दामोदरच्या गळ्यातली माळ दोन बोटांत धरली आणि मागची गाठ चाचपली. जुनी गाठ. घामाने काळी, दगडासारखी झालेली.

"ही मीच मारली होती," ते म्हणाले. स्वतःशी म्हणाल्यासारखं.

मग त्यांनी माळ सोडली आणि आपल्या बोटांकडे पाहत बसले.

दारात भागीआक्का आली. ती दामोदरकडे पाहत नव्हती. भात उतरला, कुळथाची पिठी निवत आली, असं तिने बुवांना सांगितलं आणि आत गेली.

बुवा खांबाला धरून उठले.

"ऊठ," ते म्हणाले. "हाक तू दे."

दामोदरला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. म्हणजे ऐकून घेतलं. सगळं ऐकून घेतलं आणि तरी दिली. चुकलो असेन, पण पोटात घातलं. त्याने उपरण्याने डोळे पुसले, नाक पुसलं. पायरीवर जाऊन तो नेमक्या जागी उभा राहिला. त्या जागी इतक्या वर्षांच्या पावलांनी चिऱ्याला खळगा पडला होता. त्याचे पाय त्यात बरोबर बसले.

समोर उतरता रस्ता होता. ऊन माथ्यावर आलं होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

त्याने श्वास भरून घेतला.

मागून खांद्यांवर दोन हात पडले. हलके, पानासारखे. त्यांत जोर नव्हता, पण ते काढून घेतले जात नव्हते. दामोदर त्यांच्या ओढीने वळला. आधी खांदे वळले, मग पाय खळग्यातून निघाले. रस्ता पाठीमागे गेला.

आता त्याच्यासमोर मठाचं उघडं दार होतं. उन्हातून पाहिलं तर आत काळोखच. मग हळूहळू दिसू लागलं. सारवलेली जमीन, तिच्यावर मांडलेली केळीची पानं. पानांपुढे कुणी नाही. पलीकडे चूल, आणि चुलीपाशी पाठ करून बसलेली भागीआक्का. भाताची वाफ भिंतीकडे जात होती.

भरून घेतलेला श्वास त्याच्या छातीतच राहिला होता.

"आत कुणी नाही, बुवा," तो कसाबसा म्हणाला.

"आधी हाक दे," बुवा म्हणाले. "मग सांग."